पाणी ओसरल्यानंतरचे अठ्ठेचाळीस तास

२२ जुलै २०२३, शनिवार. यवतमाळ जिल्ह्यावर आभाळ कोसळलं होतं. महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर लोक पुरात अडकले आणि त्यांच्यासाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली. महागाव आमच्या पुसदला लागूनच. वाशीमकडून येणारी पूस नदी आमच्या गावातून वाहत त्याच तालुक्यात जाते आणि पैनगंगेला मिळते. दोन दिवस सगळ्या वाहिन्यांवर यवतमाळ होतं. मग पाणी ओसरलं आणि बातम्याही ओसरल्या.

घरातला दुसरा पूर मात्र तेव्हाच सुरू होतो. त्याला आवाज नसतो, त्यात कुणी वाहून जात नाही, त्याची बातमी होत नाही. तो भिंतीत, गादीत, कोठीतल्या ज्वारीत चढतो. त्याचं नाव बुरशी.

खाली एका घराचा घटनाक्रम आहे. हे घर कुणा एकाचं नाही. नदी-नाल्याच्या काठाला आमच्याकडे जशी घरं असतात तसं हे एक घर मी मांडलं आहे. पुढची खोली विटा-सिमेंटची, ऑइलपेंट दिलेली. मागची जुनी, पांढऱ्या मातीच्या भिंतींची. एक प्लायवूडचा दिवाण, कापसाच्या तीन गाद्या, लोखंडी कपाट, धान्याची कोठी, देवघर, आणि भाव वाढेल या आशेने कोपऱ्यात राखून ठेवलेला थोडा कापूस. घरात आजी, नवरा-बायको, दोन पोरं. धाकटीला दम्याचा त्रास.

पहिला दिवस, पहाटे ३ वाजून ४० मिनिटं

पाणी दारातून येत नाही, आधी न्हाणीच्या मोरीतून उलटं वर येतं. बाई अंधारात पाय खाली ठेवते तो थेट घोट्याएवढ्या पाण्यात. मग धावपळ. गॅस सिलिंडर, टीव्ही, पोरांची दप्तरं, कागदांची पेटी दिवाणावर. अर्ध्या तासाने दिवाणच पाण्यात. कोठी कुणाच्याने हलत नाही, दोन पोती ज्वारी आहे तिच्यात. माणसं शेजारच्या स्लॅबवर चढतात.

सकाळी ११ – उरले ४८ तास

पाणी गेलं. आमच्याकडचा पूर बहुधा असाच, नाल्यासारखा येतो आणि नाल्यासारखा जातो. कृष्णाकाठी पाणी आठ-आठ दिवस मुक्काम करतं, इथे सात-आठ तासांत चिखल ठेवून निघून जातं. लोक म्हणतात, थोडक्यात निभावलं.

भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेपासून जगभरच्या इमारत-तज्ज्ञांपर्यंत सगळे हाच हिशेब सांगतात. अठ्ठेचाळीसाव्या तासाला काही घंटा वाजत नाही. उन्हाळ्यात मुदत लांबते, झडीत आखडते. पण मुदत आहे, आणि ती आता सुरू झाली आहे.

भिंतीवर पाण्याची रेघ उमटली आहे, जमिनीपासून तीन फुटांवर. घरधनी खडूने तिथे खूण करतो.

दुपारी २ – उरले ४५ तास

फावड्याने गाळ ओढणं चालू आहे. पाऊस थांबलेला नाही, नुसती रिपरिप. विदर्भातल्या माणसाला झड ठाऊक असते. सूर्य चार दिवस दिसत नाही, पापड सादळतात, काडेपेटी पेटत नाही. पण या घरातले सगळे आडाखे कडक उन्हाचे आहेत. आमचा जिल्हा पाण्याच्या टंचाईचा. भिजलं तर वाळेल, अंगणात टाकलं की तासाभरात वाळेल, हे आमच्या हाडात मुरलेलं गृहीतक.

बुरशी पुराने आणलेली नसते, हे इथे नीट समजून घ्यायला हवं. तिचे बीजाणू या घरात आधीपासून होते: कपाटावरच्या धुळीत, गादीच्या शिवणीत, देवघरातल्या निर्माल्यात, हवेत. ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचा एक बीजाणू दोन ते पाच मायक्रॉनचा असतो. मिलिमीटरभर जागेत दोन-चारशे ओळीने बसतील. वर्षानुवर्षं ते कोरडे पडून राहतात आणि मरत नाहीत. खायला त्यांच्याकडे घरभर आहे: कापूस, कागद, लाकूड, प्लायवूडचा डिंक, साडीची खळ, चामड्याची चप्पल, अगदी रंगावर बसलेली धूळसुद्धा. कमी होती ती पाण्याची, आणि आज ते मिळालं.

संध्याकाळी ६ – उरले ४१ तास

तिन्ही गाद्या अंगणात, एकावर एक, वर ताडपत्री. मुलगा त्या ओढून नाल्याकडे टाकायला निघतो तशी आजी अडवते.

“नोको फेकू रे बापा. पंचनामा व्हाचा हाय अजून. तलाठी आला अन् काहीच दिसलं नाही तं काय लिहिन तो?”

तिचं चुकत नाही. तिने हे आधी पाहिलेलं आहे. नुकसान दाखवायचं तर ओलं सामान समोर हवं. म्हणून भिजलेल्या गाद्या, फुगलेला दिवाण, कपड्यांचं गाठोडं जसंच्या तसं राहतं, ढीग करून, झाकून. बुरशीला याहून चांगली सोय कुणी करून दिली नसती.

मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. आपत्ती निधीच्या निकषांत कपडे आणि भांड्यांची मदत मिळते ती घर वाहून गेलं, पूर्ण पडलं किंवा दोन दिवसांहून जास्त पाण्यात बुडालं तर. २०२२ मध्ये ही रक्कम कुटुंबामागे कपड्यांना २,५०० आणि भांड्यांना २,५०० रुपये ठरली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं होतं तेव्हा याच दोन दिवसांच्या अटीवरून लोक संतापले होते. २०२३ च्या जुलैत राज्य सरकारने तातडीची मदत पाच हजारांवरून दहा हजार केली, हे बरंच झालं. पण निकषाचा पाया तोच राहिला: पाणी घरात किती वेळ *उभं* होतं? आमच्या पाण्याने सात तास मुक्काम केला, बुरशीला तेवढे पुरतात. सरकार पाण्याचे तास मोजतं आणि घर नासतं ते ओलीच्या तासांनी. दोन्ही घड्याळांत आकडा तोच आहे, अठ्ठेचाळीस. फक्त एक थांबतं तिथून दुसरं सुरू होतं.

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. गाद्यांचे, कोठीचे, भिंतीवरच्या रेघेचे फोटो काढायला दहा मिनिटं लागतात. तेवढं झालं की गाद्या घराबाहेर, लांब. भिजलेला कापूस आतून वाळत नाही, वरून कितीही कोरडा लागू दे.

रात्री ११ – उरले ३६ तास

साप निघताहेत, डास आहेत, भुरट्या चोऱ्यांची भीती आहे. म्हणून दारं-खिडक्या बंद. आत पाच माणसांचे श्वास, दोरीवर पिळून टाकलेले कपडे, ओल्या भिंती. वीज आली आणि पंखा लावला. (मीटरच्या पेटीत पाणी शिरलेलं असताना वायरमनने पाहण्याआधी बटण दाबायचं नाही, अशा रात्री शॉकने माणसं जातात.) पंख्याने बरं वाटतं, पण बंद खोलीत तो तीच दमट हवा फिरवत राहतो. पाणी भिंतीतून हवेत येतं आणि हवेतून कपाटामागे जाऊन बसतं. ओल घराबाहेर जायला दोन बाजूंनी वाट लागते, समोरासमोर उघडी. खिडकीत बाहेर तोंड करून ठेवलेला एक साधा टेबलफॅन छताच्या पंख्यापेक्षा जास्त काम करतो. माणूस रात्री झोपेल तर सकाळी तरी ते करावं.

या वेळेला कुणालाच न दिसणारी घटना घडते आहे. गादीच्या शिवणीतला बीजाणू पाणी पिऊन फुगला आहे.

दुसरा दिवस, पहाटे ५ – उरले ३० तास

बीजाणूला कोंब फुटला. प्रयोगशाळेत, खायला-प्यायला भरपूर आणि ऊब असली की काही बुरश्यांना हे आठ-दहा तासांतच जमतं. घरात थोडा उशीर. पुसदच्या पावसाळ्यातलं पंचवीस-तीस अंशांचं तापमान त्यांना मानवतं. कोंबाचा तंतू होतो, तंतू टोकाकडून वाढतो आणि वाढता वाढता कापसाचा धागा विरघळवून खातो.

सकाळी ११ – उरले २४ तास

बाईने कोठीचं झाकण काढून हात घातला. वरची ज्वारी कोरडी आहे. कोपरापर्यंत हात गेला तशी ओल लागली, आणि ऊब. ओलं धान्य श्वास घेतं, त्याच्यावर वाढणारे जीव श्वास घेतात आणि ढीग आतून तापतो. गरम लागलं म्हणजे काम सुरू झालं आहे.

आता घरात चर्चा. दोन पोती ज्वारी म्हणजे चार महिन्यांची भाकर. धुऊन वाळवू, भाजू, दळून आणू. वास येत असेल तर थोडं चांगल्या धान्यात मिसळू. गरिबाच्या घरात धान्य फेकणं हे पाप वाटतं, आणि ते वाटणं मला कळतं.

तरीही १९७४ सालची गोष्ट सांगायलाच हवी. गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा, आदिवासी गावं. मका काढणीला आला आणि अवेळी पाऊस झाला. ओली कणसं तशीच घरात साठवली गेली. लोकांनी तो मका खाल्ला, कारण दुसरं काही नव्हतं. कावीळ झाली, पोटात पाणी झालं. ३९७ जणांना लागण झाल्याची नोंद आहे; त्यातले १०६ दगावले. त्याच घरांतली, त्याच भाकरीवर जगणारी कुत्रीही मेली. मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी वाढली होती आणि तिने अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार केलं होतं. हे विष यकृतावर घाव घालतं, वर्षानुवर्षं थोडंथोडं पोटात गेलं तर यकृताचा कॅन्सर होतो. चुलीवरच्या भाकरीच्या आचेने ते नष्ट होत नाही. धुतल्याने बुरशी जाते, विष राहतं.

वरचं कोरडं धान्य आत्ताच्या आत्ता वेगळं काढून पातळ पसरायचं. आतलं, तापलेलं, वास मारणारं धान्य माणसाला नाही आणि जनावरालाही नाही. गाईने खाल्लेलं विष दुधात उतरतं. भुईमूग आणि मका भिजला असेल तर याबाबतीत आणखी कडक राहायचं.

दुपारी ३ – उरले २० तास

पेटी उघडली. सातबारा, पोराची टीसी, लग्नाचा अल्बम, आजोबांच्या हातची खातेवही. पानं एकमेकांना चिकटली आहेत. घाईने सोडवली तर शाई आणि फोटो निघून येतील, तशीच ठेवली तर परवापर्यंत ठिपके.

इथे एक उपाय आहे आणि तो आमच्याकडे फार कमी जणांना माहीत आहे. जगभरची ग्रंथालयं तो वापरतात: भिजलेला कागद गोठवायचा. थंडीत बुरशी मरत नाही पण थांबते, आणि कागदाला मुदत मिळते. ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्स शहरात आर्नो नदी घुसली आणि तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाची लाखो पुस्तकं-कागद चिखलात गेले. भिजलेला कागद कसा वाचवायचा याचं आजचं बरंचसं शास्त्र त्या पुरानंतर उभं राहिलं. आपल्याला ग्रंथालयाची यंत्रं नकोत. शेजारी ज्याचा फ्रीज चालू आहे त्याच्या बर्फाच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, कागद सपाट ठेवून द्यायचे. झड संपली, हाताशी सवड आली की थोडे थोडे काढून सावलीत, पानांमध्ये कोरे कागद घालून वाळवायचे.

खातेवहीसाठी जागा मागायला शेजाऱ्याकडे जायला संकोच वाटतो. वाटू द्यावा आणि जावं.

रात्री ९ – उरले १४ तास

मागच्या खोलीत वास येतो आहे. आजी म्हणते, “कुबट मारून राह्यलं.” नवरा म्हणतो, गाळाचा आहे. दोघं थोडेथोडे बरोबर आहेत. वाढणारी बुरशी उडून जाणारे वायू सोडते आणि आपलं नाक ते फार थोड्या प्रमाणातही ओळखतं. डोळ्याला काही दिसत नसताना कुबट वास आला तर समजायचं की ती कुठेतरी आहे: दिवाणाच्या पाठीमागे, कपाट आणि भिंतीच्या फटीत, देवघराच्या फळीखाली. जड सामान भिंतीपासून वीतभर पुढे ओढायची ही वेळ.

धाकटी रात्री दोनदा खोकत उठते.

तिसरा दिवस, सकाळी ८ – उरले ३ तास

दिवाण पुढे ओढला. पाठीमागच्या प्लायवर पांढरी लव, पिठूळ, हाताला न जाणवणारी.

खडूची खूण आठवून घरधनी भिंतीकडे पाहतो. रेघ तीन फुटांवर होती. ओल आता चारच्या वर आहे. दिव्याची वात तेल ओढते तशी विटेतली बारीक छिद्रं पाणी वर खेचतात. मागच्या मातीच्या भिंतीत तर ती आणखी वर गेली आहे, पण तिच्यावर पोपडे नाहीत, कारण तिला श्वास घेता येतो. पुढच्या खोलीचा ऑइलपेंट फुगला आहे, त्याच्या आत पाणी कोंडलं गेलं आहे.

सकाळी ११ – शून्य

काही कोसळलं नाही. चहा झाला. पोरं शाळा बंद म्हणून अंगणात आहेत. गाद्यांवरची ताडपत्री उचलली तेव्हा खालच्या गादीवर राखाडी-हिरवट गोल डाग दिसले, रुपयाएवढे. एकेका डागावर लाखो नवे बीजाणू तयार होताहेत आणि गादी झटकली की ते घरभर उडणार. मुलाने ती झटकली.

आठवा दिवस

तलाठी आले, पंचनामा झाला. “घरात पाणी शिरले, संसारोपयोगी वस्तूंचे नुकसान.” ओलीला रकाना नाही.

कोपऱ्यात आता काळं धरलं आहे. पहिली बुरशी थोड्या पाण्यावर भागवते. काळपट, चिकट दिसणारी स्टॅकीबॉट्रिस आठवडाभर सतत ओलं राहिलेल्या कागदावर आणि लाकडावर मागाहून येते. ही काळी बुरशी पाहून लोकांना २०२१ आठवतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने महाराष्ट्रात डोळे आणि जीव घेतले, तेव्हा तिलाही काळी बुरशीच म्हणत. ती वेगळी. तो आजार मुख्यतः अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना गाठत होता. भिंतीवरचं काळं म्हणजे तो आजार नव्हे. पण भिंतीवरचं काळं निरुपद्रवीही नाही: दमा बळावतो, सर्दी-खोकला हटत नाही, डोळे चुरचुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातली ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिकाच काढली. दमेकरी, मधुमेही, कॅन्सरचे उपचार घेणारे आणि लहान मुलं यांनी हे साफ करायला बसायचं नाही. जो करेल त्याने नाका-तोंडावर घट्ट मास्क बांधायचा आणि कोरडं खरवडायचं नाही, ओलं करून साबणाने घासायचं. ब्लीचिंग पावडर आणि संडासचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो.

२००५ च्या ऑगस्टअखेर कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. ऑक्टोबरमध्ये तिथल्या ११२ घरांची पाहणी झाली. ४६ टक्के घरांत डोळ्यांनी दिसणारी बुरशी होती, १७ टक्के घरं तिने अक्षरशः माखली होती. तिथे खर्च करायला अनेकांकडे विमा होता, यंत्रं होती. आमच्या घरात आठव्या दिवशी धाकटीला तालुक्याच्या दवाखान्यात वाफ द्यावी लागली.

तिसरा आठवडा

पाहुणे येणार म्हणून पुढच्या खोलीला रंगाचा हात दिला. डाग दिसेनासे झाले. ओली भिंत रंगवणं म्हणजे तिच्या तोंडावर फडकं बांधणं; महिन्याभरात पोपडा सुटतो आणि आतून तेच काळं बाहेर येतं. आपल्या म्हाताऱ्या माणसांची रीत यापेक्षा शहाणी होती. पावसाळा पूर्ण संपू द्यायचा, दसरा-दिवाळीच्या आधी भिंती खरवडायच्या आणि चुना द्यायचा. ताजा चुना इतका तीव्र अल्कधर्मी असतो की बुरशी त्यावर टिकत नाही, आणि त्याच्या थरातून भिंतीतली वाफ बाहेर जात राहते.

पुसदने महाराष्ट्राला सुधाकरराव नाईक दिले आणि त्यांच्यामुळे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे गावागावात पोचलं. शेतात पाणी कसं जिरवायचं हे आम्हाला येतं. भिंतीत जिरलेलं पाणी कसं काढायचं, हे आता शिकावं लागणार आहे, कारण असा पाऊस पुन्हा येणार नाही असं कुणीच म्हणत नाही.

महसूल खात्याकडे माझं मागणं साधं आहे. पंचनाम्यात ओलीचा रकाना घाला: भिंत किती उंच भिजली, धान्य किती भिजलं, गाद्या किती. नागरिकाने वेळ-तारखेसह काढलेले फोटो पुरावा म्हणून धरा आणि तसं पहिल्याच दिवशी दवंडी देऊन सांगा, म्हणजे आजीला सडणारी गादी राखत बसावं लागणार नाही. आणि दोन दिवस पाणी उभं राहण्याची अट कायमची काढून टाका. इमारत-दुरुस्तीतला जुना ठोकताळा असा की विटेची भिंत महिन्याला एक इंच या गतीने वाळते. जुलैत भिजलेली नऊ इंची भिंत त्या हिशेबाने पुढच्या एप्रिलपर्यंत ओली असते.